शून्याच्या जागी दोन

सप्टेंबर. अहमदीत रात्री साडेनऊला पारा अडतीसवर
आणि चौथ्या मजल्यावर मी शाल पांघरून
जमिनीखाली अडीच किलोमीटर.
एसीचं बटण कुठे आहे
हे या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही.

पडद्यावर चुनखडीचा माथा, पोपटी.
तिचा तळ, विटकरी.
त्याखाली वाळूचा दगड, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.
दोनशे वेळा चालवलं मॉडेल,
दोनशे वेळा तीच जमीन जराशी वेगळी बसली,
पंगतीत मांडी बदलणाऱ्या माणसासारखी.

माथ्याची शंका बारा मीटर.
जाडीची पाच.
मग तळाची किती?
सतरा, म्हणाला होता मिशारी, संध्याकाळी, दारातूनच,
गाडीची किल्ली बोटावर फिरवत.
तेरा, म्हटलं मी.
शंका अशा मिळवत नाहीत रे.
प्रत्येकीला आधी तिच्याशीच गुणायचं,
मग बेरीज, मग मूळ.
दोघी एकमेकींना ओळखत नसतील
तर एक वर जाते तेव्हा दुसरी कधी खालीही येते,
आणि मिळून थोड्या शहाण्या वागतात.
संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.
तो हसला. रिगवाल्यांना उद्या सकाळी एक आकडा हवाय, म्हणाला.
एकच.

म्हणून तपासायला बसले.
दोनशे तळ एकावर एक ठेवले,
किती पसरतात ते मोजलं.

सतरा.

पुन्हा मोजलं. मिशारीचे सतरा,
दशांशचिन्हानंतरचं शून्यसुद्धा त्याचंच.
पाऊण तास लागला सापडायला:
ज्या आकड्यातून नशीब उगवतं त्या बियाण्याचा आकडा
माथ्याला आणि जाडीला एकच दिलेला.
मार्चमध्ये. घाईत. मीच.
माथा दबला की जाडीही दबत होती,
तो उठला की तीही उठत होती,
आणि मी त्यांना सहा महिने अनोळखी समजत होते.

बी बदललं. नव्वद मिनिटं.
तेरा पॉइंट एक.
पश्चिमेच्या कडेला, जिथे चुनखडी निमुळती होत जाते,
एकशे सदतिसाव्या वेळी जाडी उणे दोन आली:
तळ माथ्याच्या वर.
सुरू व्हायच्या आधीच संपलेली गोष्ट.
ती वेगळी काढून ठेवली, पुसली नाही.

उरल्या विहिरी.
विहिरीपाशी सॉफ्टवेअर शंका शून्य धरतं.
तिथे खोदलंय, मोजलंय, विषय संपला.
नकाशाभर ती शून्यं गोधडीच्या टाक्यांसारखी,
टाक्यापाशी कापड घट्ट, मधे फुगीर.
सत्तावीस नंबरची विहीर एकोणीसशे अठ्ठावन्नची.
तिच्या नोंदीचा कागद उघडला, पिवळा, स्कॅन करताना तिरका झालेला.
खाली शाईत सही: बी. व्ही. टिळवे.
कोण असतील, कुठून बोटीत बसले असतील, माहीत नाही.
जुलैतली दुपार, विहिरीत सोडलेली अडीच किलोमीटर तार.
स्वतःच्याच वजनाने ती किती ताणली गेली
हे त्यांनी लिहिलेलं नाही.
तसा रकानाच नव्हता.
पण खोलीच्या आकड्यापुढे पेन्सिलीने
एक बारीक प्रश्नचिन्ह आहे,
कुणीतरी खोडायचा प्रयत्न केलेलं.

सत्तावीसपाशी शून्य पुसून मी दोन लिहिले.
मग इतर जुन्या विहिरींपाशीही.

मिशारीला पाठवलं: दोन हजार चारशे सहा.
पुढे, अधिक-उणे तेरा.
त्याखाली, सकाळी तुझ्या सतराबद्दल बोलू,
कॉफी माझ्याकडून.

बाहेर पडले तर दमट हवेनं
चष्म्यावर झटकन वाफ धरली.
पार्किंगला उतरायच्या तीन पायऱ्या, सात वर्षं रोज उतरते.
तरी पाय आधी टाकून पाहिला.
चार होत्या.